गुळाचा खडा

अण्णांनी वितळलेल्या शिशाचं तापमान कधी थर्मामीटरनं मोजलं नाही. ते कागद वापरायचे. वर्तमानपत्राच्या तुकड्याची घट्ट सुरळी करायची, वितळलेल्या धातूत क्षणभर बुडवायची आणि बाहेर काढून बघायची. कागद तसाच राहिला तर धातू अजून थंड आहे. चहासारखा तपकिरी झाला तर ओतायला घ्या. काळा पडला किंवा पेटला तर आच कमी करा. पुण्यातल्या एका टाइप फाउंड्रीत १९७१ ते १९९३ अशी बावीस वर्षं त्यांनी हे केलं. माझे वडील मराठी अक्षरं ओतायचे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी छापखान्यातला खिळा हातात घेतला नसेल, म्हणून आधी तो काय असतो ते सांगते. साधारण इंचाला थोडी कमी अशी उभी धातूची कांडी. तिच्या डोक्यावर एकच अक्षर, तेही आरशात दिसतं तसं उलटं. असे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, त्याला शाई लावायची आणि वर कागद दाबायचा. छपाई झाली की प्रत्येक खिळा धुऊन आपापल्या खणात परत. कंपोझिटर हे काम करायचे. अण्णांचं काम त्याच्या आधीचं. पोलादावर कोरलेलं अक्षर तांब्यात ठोकून साचा करतात, तो साचा यंत्रात बसवायचा, भांड्यातला पातळ धातू त्यात जायचा आणि 'क' बाहेर पडायचा. मग दुसरा 'क'. मग तिसरा. दिवसभर.

हा धातू नुसतं शिसं नसतो. शिसं स्वस्त, जड आणि ३२७ अंशांना वितळणारं, म्हणजे ओतायला सोपं. पण ते इतकं मऊ की नखानं ओरखडा निघतो. शुद्ध शिशाचे खिळे केले तर काही शे कागदांत अक्षराचं नाक-तोंड चेपून जाईल. शिवाय थिजताना ते आकसतं आणि साच्याचे कोपरे रिकामे राहतात. म्हणून त्यात अँटिमनी घालायचं. अँटिमनीमुळे धातू कडक होतो आणि त्याचं आकसणं पुष्कळ कमी होतं, त्यामुळे अक्षराची कड धारदार येते. पण अँटिमनी जास्त झालं तर खिळा काचेसारखा मोडतो. तो ठिसूळपणा आवरायला आणि धातू साच्याच्या बारीक रेषांत नीट पळावा म्हणून कथील.

प्रमाण कामावर ठरायचं. हातानं जुळवायचे खिळे वर्षानुवर्षं टिकायला हवेत, त्यामुळे त्यांत अँटिमनी आणि कथील दोन्ही जास्त. चांगल्या टाइपात अँटिमनी शंभरात २४ भागांपर्यंत आणि कथील १२ भागांपर्यंत असायचं. वर्तमानपत्रांच्या लायनो यंत्रात ओळ एकदाच वापरून परत वितळवायची, तिथे साधारण ८४ भाग शिसं, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील. या मिश्रणाची गंमत अशी की ते २४० अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणजे नुसत्या शिशापेक्षा जवळजवळ नव्वद अंश आधी. आणि थिजतानाही अर्धवट चिखलासारखं न होता जवळपास एकदम थिजतं. ओळ ओतली की लगेच हातात.

आपल्या लिपीनं या धातूची जास्तच परीक्षा घेतली. इंग्रजीचं एकेक अक्षर सुटं उभं राहतं. देवनागरीत डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. काही खिळ्यांत हा भाग खिळ्याच्या अंगाबाहेर आलेला असायचा आणि शेजारच्या अक्षराच्या खांद्यावर टेकायचा. मिश्रण मऊ असेल तर ती वेलांटी वाकायची, ठिसूळ असेल तर तुटायची. अण्णा म्हणायचे, "धातू बिघडला की आधी रफार रडतो." हातात खिळा घेऊन नुसत्या वजनावरून, तो दगडावर टाकल्यावर होणाऱ्या आवाजावरून ते सांगायचे की यात कथील कमी पडलंय.

या कामाला मोठी परंपरा होती आणि अण्णांना तिचा अभिमान होता. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं, त्यात देवनागरी खिळे वापरले होते. पुढे मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसमध्ये मराठी टाइप सुधारला. त्याच छापखान्यात जावजी दादाजी नावाचा मुलगा टाइप घासायच्या कामाला लागला. १८६४ मध्ये त्यानं स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचा टाइप पुढे देशभर गाजला. अण्णा ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी म्हणायचे, "टाइप घासणाऱ्या पोरानं केलं हे."

मला ही गोष्ट लहानपणापासून पाठ आहे. पण टाइप घासायचा म्हणजे नक्की काय करायचं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. ओतल्यावर खिळ्याच्या कडेला जी कंगोरी राहते ती काढायची आणि खिळ्याच्या बाजू सपाट करायच्या. म्हणजे शिशाची बारीक भुकटी उडवायची, रोज, लहान वयात.

फाउंड्रीत भीती होती ती आगीची आणि पाण्याची. ती भीती योग्यच होती. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा थेंब सापडला तर क्षणात वाफ होते, तिला जागा लागते सोळाशेपटींहून जास्त, आणि भांड्यातला धातू कारंज्यासारखा उडतो. म्हणून पावसाळ्यात नवी लगड थेट भांड्यात टाकायची नाही, आधी काठावर ठेवून तापवायची. पळी कोरडी, फडकं कोरडं, कपाळावरचा घामसुद्धा भांड्यापासून लांब पुसायचा. पाण्याचा माठ दाराबाहेर. अण्णांच्या डाव्या मनगटावर तीन छोटे गोल डाग आहेत. ते त्यांच्या स्वतःच्या नव्हे, शेजारच्याच्या ओल्या पळीचे.

धुराबद्दलही त्यांना माहीत होतं. धातू लाल होईपर्यंत कधी तापवायचा नाही. शिशाची वाफ खरी त्रास देऊ लागते ती साधारण पाचशे अंशांच्या वर, आणि टाइप ओतायला तेवढ्या उष्णतेची गरजच नसते. कागदाची सुरळी त्यांना त्या धोक्यापासून लांब ठेवत होती.

आणि या सगळ्यावर एक औषध होतं, गूळ. दुपारी चार वाजता चहाबरोबर प्रत्येक कामगाराला गुळाचा खडा मिळायचा. गूळ खाल्ला की पोटातलं शिसं बाहेर पडतं, अशी सगळ्यांची श्रद्धा होती. मालकाचीही होती. तो गूळ चांगल्या प्रतीचा आणायचा, त्यात कंजुषी करायचा नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण या गोष्टीत कोणी दुष्ट नाही.

फक्त नळ होता वाड्याच्या मागच्या अंगाला, आणि चहाची सुट्टी दहा मिनिटांची. कामगार हात फडक्याला पुसायचे आणि काळ्या बोटांनी गूळ तोंडात टाकायचे.

टाइप हातात धरल्यानं शिसं कातडीतून आत जात नाही म्हटलं तरी चालेल. ते जातं तोंडातून आणि श्वासातून. वितळलेल्या धातूवर राखाडी साय धरते. हवेच्या संगतीनं तिथे धातूचं भस्म होत असतं. कथील आधी जळतं, म्हणून अण्णा मेणाचा तुकडा टाकून धातू ढवळायचे. त्यानं बरचसं चांगलं धातुरूप परत भांड्यात उतरतं आणि वर उरते कोरडी पूड. ती पळीनं काढून डब्यात टाकायची. डबा आपटला की पूड उडते. संध्याकाळी झाडूनं जमीन झाडली की परत उडते. ती केसांत बसते, शर्टाच्या शिवणीत बसते, बोटांच्या पेरांत बसते. तापलेला रस सगळ्यांना भिववतो. ही पूड पिठासारखी दिसते, तिला कोण भिणार?

आणि हे जगाला ठाऊक नव्हतं असंही नाही. बेंजामिन फ्रँकलिन मूळचा छापखान्यातला माणूस. १७८६ साली त्यानं एका मित्राला शिशाच्या दुष्परिणामांवर लांबलचक पत्र लिहिलं. तरुणपणी लंडनच्या छापखान्यात काम करताना थंडीत खिळे शेकोटीपाशी गरम करून जुळवले की बोटांना बरं वाटायचं. एका म्हाताऱ्या कामगारानं त्याला बजावलं की असं करू नको, हात कायमचे लुळे पडतील. तसे मनगटातून लोंबणारे हात झालेले कामगार तिथे होते. पुढे त्यानं एका टाइप ओतणाऱ्याला विचारलं आणि त्याचं मत होतं की हे वाफेनं होत नाही, न धुतलेल्या हातांनी जेवणाऱ्यांना होतं, बोटांचा धातू पावाला लागतो आणि पोटात जातो. फ्रँकलिननं पत्राच्या शेवटी खंत व्यक्त केली आहे की ही गोष्ट निदान साठ वर्षं माहीत आहे, तरी उपयोगाचं सत्य लोकांच्या वागण्यात यायला किती काळ लागतो बघा.

ते पत्र वाचलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही. खिळे ओतायची विद्या युरोपातून श्रीरामपूरला आली, मुंबईला आली, पुण्याच्या पेठेत आली. मिश्रणाचं प्रमाण आलं, साचे आले, कागदाची सुरळी आली. हात धुवायचं मात्र वाटेत कुठेतरी राहिलं. त्या जागी आम्ही गूळ ठेवला.

कायद्यात ते होतं. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात सरकारला कळवायलाच हवेत अशा आजारांची यादी होती आणि तिच्यात शिशाची विषबाधा होती. अण्णांच्या फाउंड्रीत एकाचं पोट सतत दुखायचं, दुसऱ्याला बद्धकोष्ठ, तिसरा तिशीतच चिडखोर आणि विसराळू झालेला. यातलं काय शिशामुळे होतं हे आता कोणी सांगू शकणार नाही, कारण कोणाचं रक्त कधी तपासलंच गेलं नाही.

पहिली तपासणी माझी झाली, २०१९ मध्ये. मला तिसरा महिना होता. डॉक्टर नेहमीचे प्रश्न विचारत होत्या आणि त्यांनी वडिलांचं काम विचारलं. मी कौतुकानं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

आई धुवायची. शनिवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. अण्णा आले की शर्ट खुंटीवर. मी तेव्हा रांगत असेन, नंतर चालू लागले, पाच वर्षांची झाले. अण्णा आले की मी आधी त्यांच्या शर्टाला चिकटायचे. त्याला एक वास यायचा, तेलाचा आणि गरम धातूचा. आजही तो वास आठवला की मला सुरक्षित वाटतं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. त्यामुळे शिसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे दशकं राहतं. गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, त्याबरोबर जुनं शिसंही रक्तात येऊ शकतं आणि ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं थोडंच शोषलं जातं, लहान मुलांत ते निम्म्यापर्यंत जाऊ शकतं, आणि वाढत्या मेंदूला त्याची झळ जास्त. अमुक इतकं शिसं सुरक्षित, अशी रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं आखलेली नाही, कारण तशी रेघच सापडलेली नाही.

अहवाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत अण्णांनी माझ्याशी धड बोलणं केलं नाही. आई स्वयंपाकघरातून एकदाच म्हणाली, "मी ते कपडे वेगळे धुवायचे, पण बादली एकच होती गं." त्या वाक्याला मी काय उत्तर देणार होते?

माझा आकडा आला दर शंभर मिलिलीटरला २.८ मायक्रोग्रॅम. डॉक्टर म्हणाल्या, काळजीचं कारण नाही, कॅल्शियम आणि लोह नेमानं घ्या. शरीरात ही दोन्ही पुरेशी असली तर शिसं कमी शोषलं जातं. मग मी हट्टानं अण्णांचंही रक्त तपासायला लावलं. त्यांचा आकडा ९ आला. फाउंड्री बंद होऊन सव्वीस वर्षं झाली होती. हाडं हळूहळू परतफेड करत होती. त्या कागदाकडे बघून अण्णा म्हणाले, "म्हणजे गूळ फुकटच गेला." आणि हसले. आई हसली नाही.

आमच्या घरात शिसं अजून होतं. फाउंड्री बंद झाली तेव्हा अण्णांनी पगाराच्या बाकीऐवजी एक लाकडी खणांची पेटी घेतली होती, १६ पॉइंटच्या टाइपाची, साधारण चौदा किलोची. ती माळ्यावर होती. लेक रांगायला लागली तेव्हा आम्ही ती उतरवली. अनेक पावसाळ्यांची ओल आणि लाकडातून सुटणारी आम्लं यांनी काही खिळ्यांवर पांढरी बुरशीसारखी भुकटी आणली होती. ती बुरशी नसते, शिशाचा क्षार असतो आणि घन शिशापेक्षा तो पोटात पटकन विरघळतो. अशी पेटी तुमच्याही घरी असेल, आजोबांची म्हणून ठेवलेली, तर त्यावर फुंकर मारू नका आणि ब्रशनं झटकू नका. हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या, आणि टाइप झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. शोभेच्या तबकात, लहान मुलाच्या हाताला लागेल असा, नको.

त्याच सुमारास माझा आतेभाऊ आला. त्याला मासेमारीचा नाद आहे, गळाला लावायची शिशाची वजनं तो विकत आणतो. पेटी बघून तो म्हणाला, "मामा, हे तसंही पडूनच आहे. वितळवून वजनं करू. आमच्या गॅसवर होईल, जुनी कढई आहे."

अण्णांनी आधी धातूच्या बाजूनं उत्तर दिलं. हा कडक धातू आहे, गळाच्या वजनाला मऊ शिसं लागतं, दोरीवर चिमटता आलं पाहिजे. हे चिमटायला गेलास तर तुटेल. यातलं कथील महाग असतं, ते पाण्यात टाकणं म्हणजे वेडेपणा. मग भाऊ म्हणाला की गॅरेजमध्ये जुन्या गाडीच्या बॅटऱ्या मिळतात, त्यांच्या पट्ट्या वितळवू. तेव्हा मात्र अण्णांचा आवाज चढला. बॅटरीच्या पट्ट्यांत आम्ल भरलेलं असतं, शिशाची पूड असते, मिश्रणात काय काय असतं, आणि तिच्या मळीला ओल लागली तर विषारी वायू सुटू शकतो. ती बॅटरी विक्रेत्यालाच परत द्यायची. घरात, गल्लीत, शेतात कुठेही फोडायची नाही. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेनं अहवाल काढला, त्यात जगातल्या दर तीन मुलांतल्या एकाच्या रक्तात शिसं जास्त असल्याचं म्हटलं होतं, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांत अशाच उघड्यावर फोडलेल्या बॅटऱ्या होत्या.

शेवटी त्यानं भंगारवाल्याकडून शिशाच्या जुन्या नळीचे स्वच्छ तुकडे आणले आणि अण्णा त्याच्या गावी जाऊन त्याच्यासमोर बसले. मीही गेले होते. अण्णांच्या अटी त्यांच्या बावीस वर्षांतल्या होत्या, पण क्रम नवा होता. उघड्या अंगणात, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून. स्वयंपाकाची कढई नाही, जाड लोखंडी भांडं, आणि ते परत कधी स्वयंपाकघरात येणार नाही. जवळपास पाणी नाही, साचा आधी तापवून कोरडा केलेला. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चामड्याचे हातमोजे, बंद बूट, डोळ्यांना चष्मा. कागदाची सुरळी. मळी हलक्या हातानं काढून झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा कचऱ्यात न टाकता भंगारवाल्याकडे परत. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. मुलं घरात, अंगणात नाहीत. काम संपेपर्यंत चहा नाही, बिडी नाही, तंबाखू नाही.

वजनं छान झाली. आत्या सवयीनं चहाची किटली आणि ताटलीत गूळ घेऊन दारात आली. अण्णांनी तिला हातानंच थांबवलं. मोजे काढले, शर्ट काढून पिशवीत घातला, नळाखाली गेले आणि कोपरापर्यंत साबण लावला. नखांतून काडी फिरवली. परत साबण लावला. आतेभाऊ मागे उभा राहून बघत होता, मग त्यानंही तसंच केलं. आत्या वैतागून म्हणाली, "दादा, चहा गार होतोय."

"होऊ दे," अण्णा म्हणाले, आणि त्याच्या हातावर तिसऱ्यांदा पाणी सोडलं.